जुन्या गोव्यातील समाधीचे माहेर : फ्लोरेन्स शहर मार्गदर्शकासह पायी पाहताना

जुने गोवे येथील बॉम जिझस बासिलिकेत सेंट फ्रान्सिस झेवियर यांची रौप्यपेटी ज्या रंगीत संगमरवरी समाधीवर विराजमान आहे, ती समाधी गोव्यात घडलेली नाही. रौप्यपेटी आपल्या गोमंतकीय कारागिरांची, १६३७ च्या सुमाराची. तिच्याखालचा दगडी डोलारा मात्र इटलीतील फ्लोरेन्स शहरातून आला. तस्कनीचा ग्रँड ड्यूक कोझिमो तिसरा याने तो जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी या शिल्पकाराकडून आणि आपल्या दरबारी कारखान्यातील कारागिरांकडून करवून घेतला. सुटे भाग पेट्यांत भरून जहाजाने गोव्याला धाडण्यात आले, ते जोडण्यासाठी फ्लोरेन्सहून माणसेही आली आणि १६९८ मध्ये समाधी उभी राहिली. शवप्रदर्शन सोहळ्याच्या काळात लाखो लोक या बासिलिकेतून जातात. परंतु समाधीच्या चारही बाजूंना बसवलेले कांस्यपट कोणाच्या हातचे, हा प्रश्न त्यांतील फारच थोड्यांच्या मनात येत असावा.

हे सांगण्याचे कारण असे, की गोव्यातून सहलीसाठी इटलीला जाणारी अनेक कुटुंबे आता फ्लोरेन्सही पाहतात, पण ते ज्या रीतीने पाहतात त्या रीतीने या शहराशी असलेले आपले नाते त्यांच्या दृष्टीस पडणे अशक्य आहे. युरोपच्या पॅकेज सहलीत फ्लोरेन्सच्या वाट्याला बहुधा अर्धा दिवस येतो. त्यातून जेवणाची वेळ, स्वच्छतागृहाची रांग आणि चामड्याच्या पिशव्यांच्या दुकानातील मुक्काम वजा केला, की हाती उरतो दीड तास. चाळीस-पन्नास माणसांच्या पुढे उंच धरलेली छत्री किंवा झेंडा, कानात खरखरणारे यंत्र आणि ‘हा कॅथेड्रल, तो पूल, बरोबर साडेबाराला बसपाशी’ एवढ्यावर एक शहर संपते. त्यात सहल-व्यवस्थापकाचा दोष नाही. पन्नास माणसांना एकत्र हाकायचे तर दुसरे काय होणार?

याला पर्याय म्हणजे खासगी मार्गदर्शकासह पायी केलेली शहरफेरी. एक कुटुंब किंवा चार-सहा मित्र मिळून दोन-तीन तासांसाठी एका अधिकृत मार्गदर्शकाला आपल्यापुरते बांधून घेतात. वेळ आपली, वेग आपला, प्रश्नही आपले. हा केवळ श्रीमंतांचा चोचला आहे असा आपल्याकडे समज आहे. तो का खरा नाही, हे समजण्यासाठी आधी इटलीतील या व्यवसायाची रचना पाहावी लागेल.

इटलीत पर्यटक मार्गदर्शक हा कायद्याने नियंत्रित व्यवसाय आहे. आपल्याकडे एखाद्या देवळासमोर किंवा किल्ल्याच्या पायथ्याशी कोणीही येऊन ‘साहेब, दाखवतो’ म्हणतो, तसे तेथे करणे बेकायदेशीर ठरते. पूर्वी परवाने निरनिराळ्या प्रदेशांच्या पातळीवर दिले जात आणि त्यांचे नियमही वेगवेगळे असत. १३ डिसेंबर २०२३ च्या १९० क्रमांकाच्या कायद्याने संपूर्ण देशासाठी एकच परीक्षा आणि पर्यटन मंत्रालयाकडे मार्गदर्शकांची एकच राष्ट्रीय सूची, अशी नवी व्यवस्था आणली. मार्गदर्शकापाशी ओळखपत्र असावे लागते आणि ते पाहायला मागण्यात कोणताही उद्धटपणा नाही. उलट, सच्चा मार्गदर्शक ते गळ्यात घालूनच येतो. चौकात घोळक्याने उभे राहून ‘रांग चुकवून देतो’ असे सांगणारे लोक बहुधा तिकीटविक्रीचे दलाल असतात. मार्गदर्शक आणि दलाल यांची गल्लत करू नये.

येथे एक बारीक फरक लक्षात ठेवलेला बरा. गटाला बसमधून आणणारा, हॉटेल आणि वेळा सांभाळणारा माणूस म्हणजे सहल-सोबती. त्याला संग्रहालयात उभे राहून चित्राचा अर्थ सांगण्याचा अधिकार असतोच असे नाही. तो अधिकार परवानाधारक मार्गदर्शकाचा. आरक्षण करताना संकेतस्थळावर ‘स्थानिक मित्रासह फेरी’ अशी गोड शब्दयोजना दिसली, तर तो स्थानिक मित्र परवानाधारक आहे काय, हे सरळ विचारावे.

आता पैशांचे गणित. खासगी मार्गदर्शकाचे शुल्क माणशी नसते. ते वेळेचे असते. फ्लोरेन्समध्ये तीन तासांच्या फेरीसाठी साधारणपणे दोनशे युरोंच्या आसपास किंवा त्याहून अधिक रक्कम सांगितली जाते. एकट्या प्रवाशाला ती जड वाटेल. पण आई-वडील, दोन मुले, आजी आणि मावशी असे सहा जणांचे कुटुंब निघाले, तर माणशी खर्च गटाच्या फेरीपेक्षा फारसा चढा राहत नाही. या शुल्कात संग्रहालयांची तिकिटे बहुधा धरलेली नसतात आणि नेमक्या याच मुद्द्यावर नंतर वाद होतात. तिकिटे कोण काढणार, कोणत्या वेळेची काढणार, पाऊस पडला किंवा कोणी आजारी पडले तर रद्द करण्याची अट काय, हे सारे आधी लेखी ठरवून घ्यावे. उफ्फिझी आणि आकादेमिया यांसारख्या सरकारी संग्रहालयांत अठरा वर्षांखालील मुलांना, ती कोणत्याही देशाची असोत, प्रवेश विनामूल्य आहे; मात्र वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट जवळ हवा. ही दोन्ही संग्रहालये सोमवारी बंद असतात. सोमवारी फ्लोरेन्सला पोहोचून डेव्हिडचे दर्शन न घेता परतलेले भारतीय प्रवासी काही कमी नसतील.

‘मोफत’ म्हणून जाहिरात होणाऱ्या फेऱ्याही असतात. त्यांत शेवटी प्रत्येकाने स्वेच्छेने पैसे द्यावेत अशी अपेक्षा असते. शहराची पहिली तोंडओळख करून घेण्यासाठी त्या वाईट नाहीत. पण गट मोठा असतो आणि बोलणाऱ्याचा भर किश्शांवर राहतो, कारण हसलेला श्रोता अधिक देतो. खासगी फेरीचे शुल्क ठरलेले असल्यामुळे मार्गदर्शकाला हसवण्याची निकड नसते. फेरी संपल्यावर बक्षिसी देण्याची सक्ती इटलीत नाही. मनापासून आवडले तर थोडी रक्कम द्यावी, किंवा मध्येच कॉफीला थांबलो तर तिचे पैसे आपण द्यावेत, तेवढे पुरते. कॉफी मात्र काउंटरपाशी उभ्यानेच घ्यावी. चौकातल्या खुर्चीवर बसलो, की तीच कॉफी दुप्पट-तिप्पट दराची होते.

फ्लोरेन्सच पायी का पाहावे, याचे उत्तर शहराच्या आकारात आहे. त्याचा जुना भाग इतका आटोपशीर आहे, की कॅथेड्रलपासून पालाझ्झो वेक्किओ हा जुना राजवाडा अर्ध्या किलोमीटरच्या अंतरावर आणि तेथून आर्नो नदीवरचा पोन्ते वेक्किओ पूल त्याहूनही जवळ. बाहेरच्या वाहनांना या भागात प्रवेशाला कडक निर्बंध आहेत. गाडी भाड्याने घेऊन फिरणाऱ्यांपैकी कित्येकांना हे निर्बंध घरी परतल्यावर, दंडाच्या नोटिशीवरून कळतात. रस्ते दगडी फरशीचे, काही ठिकाणी उखडलेले आणि पावसात निसरडे. नव्या बुटांचे उद्घाटन येथे करू नये.

मार्गदर्शकाची भेट ठरवताना पत्त्याचा एक घोटाळा होतो. फ्लोरेन्समध्ये एकाच रस्त्यावर घरक्रमांकांच्या दोन मालिका नांदतात. राहत्या घरांचे क्रमांक काळे किंवा निळे, तर दुकाने-उपाहारगृहांचे तांबडे. लिहिताना तांबड्या क्रमांकापुढे ‘आर’ हे अक्षर जोडतात. त्यामुळे वीस क्रमांक आणि वीस ‘आर’ या एकाच गल्लीतील दोन निराळ्या, कधीकधी बऱ्याच लांबच्या जागा असू शकतात. भेटीची जागा म्हणून एखादा पुतळा किंवा चर्चचा दरवाजा ठरवणे सर्वांत बरे.

वाट कोणती धरावी?

नेहमीची फेरी आकादेमियातील डेव्हिड, कॅथेड्रल, सिन्योरिया चौक आणि पोन्ते वेक्किओ या चार ठिकाणांची असते आणि पहिल्यांदा जाणाऱ्याने ती चुकवू नये. पण गोव्याहून जाणाऱ्याने मार्गदर्शकाला काही दिवस आधी पत्र पाठवून एवढेच कळवावे : ‘आमच्या शहराजवळच्या चर्चमध्ये फोज्जिनीने घडवलेली समाधी आहे. त्या धाग्याने फ्लोरेन्स दाखवाल काय?’ खासगी फेरीचा खरा उपयोग येथे आहे. पन्नास जणांच्या गटात हा प्रश्न विचारताच येत नाही. या व्यवसायातील बहुसंख्य लोक कलेतिहासाचे अभ्यासक असतात आणि रोज तेच ते डेव्हिडपुराण सांगून कंटाळलेलेही असतात. असा प्रश्न आला की ते अधिक तयारी करून येतात.

हा धागा आकादेमियापासून काही पावलांवर, आल्फानी रस्त्यावरच्या एका शांत संग्रहालयात सुरू होतो. ‘ओपिफिचिओ देल्ले पिएत्रे दुरे’ हे त्याचे नाव. अर्थ, कठीण दगडांची कार्यशाळा. १५८८ मध्ये ग्रँड ड्यूक फेर्दिनांदो पहिला याने हा दरबारी कारखाना स्थापला. प्रारंभी तो उफ्फिझीच्या इमारतीत होता आणि १७९६ मध्ये सध्याच्या जागी आला. येथील कला अशी : अकीक, यास्पर, लाजवर्द अशा रंगीत कठीण दगडांचे पातळ तुकडे तारेच्या धनुकलीने कापायचे आणि ते एकमेकांशी असे बिनसांध बसवायचे, की पाहणाऱ्याला ते रंगवलेले चित्र वाटावे. फुलाच्या पाकळीवरची छटा रंगाने नव्हे, तर दगडातील नैसर्गिक छटेने साधायची. त्यासाठी कारागीर दगडाच्या लादीवर नक्षीचा कागद सरकवत, हवी ती छटा सापडेपर्यंत शोध घेत बसतो. संग्रहालयात जुनी मेजे, हत्यारे आणि दगडांचे नमुने मांडलेले आहेत. डेव्हिडसाठी ताटकळणाऱ्या रांगेच्या मानाने येथे माणसे तुरळक असतात. मुलांना हे दालन फार आवडते असा अनुभव आहे, कारण येथे वस्तू कशी झाली ते दिसते. रविवारी मात्र ते बंद असते.

तेथून सान लोरेन्झो चर्चकडे चालत जायला दहा मिनिटेही लागत नाहीत. मेदिची घराण्याचे हे कुलमंदिरच म्हणायचे. त्याची दर्शनी बाजू ओबडधोबड विटा-दगडांची, उघडी. मायकेलएंजेलोने तिचा आराखडा केला होता, पण काम झालेच नाही. पाहुण्याला बाहेरून हे गोदाम वाटते. मागच्या बाजूने ‘कापेल्ला देई प्रिन्चिपी’ म्हणजे राजपुत्रांच्या समाधिमंदिरात शिरलो, की डोळे दिपतात. १६०४ मध्ये सुरू झालेल्या या अष्टकोनी वास्तूच्या भिंती तळापासून वरपर्यंत रंगीत दगडांनी मढवलेल्या आहेत आणि तस्कनीतील नगरांची मानचिन्हे त्याच पिएत्रे दुरे पद्धतीने कोरून बसवलेली आहेत. जुन्या गोव्यातील समाधीवरचे रंगीत दगड ज्यांनी जवळून निरखले आहेत, त्यांना येथे ओळखीची खूण पटेल. हे सौंदर्य जड आहे, सत्तेचा दर्प असलेले आहे, असे काही कलासमीक्षकांना वाटते आणि ते निराधार नाही. शेजारच्याच दालनात मायकेलएंजेलोने घडवलेल्या मेदिची समाध्या पाहिल्या, की दर्प आणि दुःख यांतील अंतर न सांगता कळते.

ज्याने गोव्याला समाधी पाठवली त्या कोझिमो तिसऱ्याविषयी इतिहासकार फारसे प्रेमाने लिहीत नाहीत. १६७० ते १७२३ असे दीर्घ राज्य, टोकाची धार्मिकता, वाढते कर आणि उतरणीला लागलेले राज्य असे त्याचे चित्र आहे. संतांच्या अवशेषांवर त्याची अपार श्रद्धा होती. झेवियर यांच्या पार्थिवाखालची उशी त्याला भेट मिळाली आणि तिच्या उतराईसाठी त्याने ही समाधी अर्पण केली, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. फोज्जिनी हा त्याचा दरबारी शिल्पकार. गोव्यातील कांस्यपटांवर त्याने संताचे धर्मोपदेश, बाप्तिस्मा, हल्लेखोरांपासूनची सुटका आणि चीनच्या किनाऱ्यावरील बेटावरचा मृत्यू असे प्रसंग उठवले. पण समाधी उंच असल्यामुळे गोव्यात ते नीट पाहता येत नाहीत. फ्लोरेन्समध्ये मात्र त्याचे काम हाताच्या अंतरावर भेटते. सांता मारिया देल कार्मिने या चर्चमधील कोर्सिनी घराण्याच्या प्रार्थनागृहात त्याचे मोठे संगमरवरी उठावपट आहेत. सांता क्रोचे चर्चमध्ये गॅलिलिओच्या समाधीवरचा अर्धपुतळाही त्याचाच. गॅलिलिओला चर्चने दोषी ठरवले असल्यामुळे त्याचे अवशेष या मानाच्या जागी यायला १७३७ उजाडावे लागले. एकाच हाताने धर्मप्रचारकाची समाधी घडवली आणि धर्मपीठाने शिक्षा केलेल्या वैज्ञानिकाचा चेहराही घडवला, ही गोष्ट चांगला मार्गदर्शक हमखास रंगवून सांगतो.

याच कोझिमोची मुलगी आन्ना मारिया लुईझा ही मेदिची वंशाची शेवटची वारस. भाऊ निपुत्रिक वारला, राज्य लोरेन घराण्याकडे गेले. १७३७ मध्ये या बाईने नव्या राज्यकर्त्यांशी करार केला : चित्रे, शिल्पे, ग्रंथ, रत्ने, यांतील काहीही फ्लोरेन्सबाहेर नेता येणार नाही. हे सारे राज्याच्या शोभेसाठी, जनतेच्या उपयोगासाठी आणि परदेशी माणसांचे कुतूहल जागवण्यासाठी येथेच राहील, असा त्या कराराचा आशय. आज उफ्फिझीत उभा असलेला प्रत्येक पर्यटक त्या कलमाचा लाभार्थी आहे. युरोपातील इतर कित्येक राजघराण्यांचे संग्रह लिलावात आणि लढायांत पांगले. फ्लोरेन्सचा टिकला, तो एका निपुत्रिक राजकन्येच्या सहीमुळे.

कॅथेड्रलविषयी स्वतंत्र ग्रंथ आहेत, म्हणून येथे केवळ घुमटाविषयी. १२९६ मध्ये पायाभरणी झालेल्या या इमारतीला शतकभर घुमटच नव्हता. खालचा अष्टकोन तयार होता, त्याचा व्यास सुमारे ४५ मीटर आणि जमिनीपासूनची उंची पन्नास मीटरहून अधिक. कमान बांधायची तर खाली लाकडी आधाराचा सांगाडा लागतो. एवढ्या मोठ्या सांगाड्याला पुरेल इतके लाकूड कोठून आणायचे आणि तो तोलायचा कसा? फिलिप्पो ब्रुनेलेस्की याने १४२० ते १४३६ या काळात आधाराच्या सांगाड्याविनाच तो बांधून काढला. घुमट एक नव्हे, दोन : आतला जाड, बाहेरचा पातळ, मधून जिना. विटा सरळ थरांत न रचता मध्येमध्ये उभ्या विटा घालून मत्स्यकंटकासारखी रचना केली, त्यामुळे ओला थर आत घसरत नसे आणि प्रत्येक वेढा पूर्ण झाला की स्वतःलाच पेलत असे. हे सर्व खाली उभे राहून ऐकणे आणि नंतर त्याच मधल्या जिन्याने ४६३ पायऱ्या चढून विटांची ती वीण जवळून पाहणे, यासारखा दुसरा धडा नाही. चढण्यासाठी ठरावीक वेळेचे आरक्षण सक्तीचे आहे आणि उद्वाहन नाही. गुडघेदुखी असलेल्यांनी, तसेच अरुंद जागेत जीव घाबरणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये. त्यांच्यासाठी शेजारच्या संग्रहालयात बांधकामाची मूळ अवजारे आणि घिबेर्तीचे मूळ सुवर्णद्वार आहे. बाहेर ज्या दरवाजासमोर छायाचित्रांसाठी रेटारेटी चालते, ती प्रतिकृती आहे.

चालता चालता मार्गदर्शक भिंतींवर बोट दाखवील. ४ नोव्हेंबर १९६६ च्या पुरात आर्नोचे पाणी कोठवर चढले, त्या खुणेच्या पाट्या सांता क्रोचेच्या परिसरात अजून आहेत. काही तर डोक्याच्या कितीतरी वर. जुन्या वाड्यांच्या भिंतींत हातभर उंचीच्या कमानदार खिडक्या दिसतील. जमीनदार घराणी आपल्या मळ्यांतील द्राक्षमद्य या झरोक्यांतून थेट गिऱ्हाइकाला विकत, मध्ये दुकानदार नको म्हणून. शहरात असे दीडशेहून अधिक झरोके उरले आहेत. सतराव्या शतकातील प्लेगच्या साथीत विक्रेता आणि गिऱ्हाईक यांचा स्पर्श टळावा म्हणून त्यांचा उपयोग झाला, आणि कोविडच्या काळात काही झरोके पुन्हा उघडले.

सांता त्रिनिता चर्चमध्ये सास्सेत्ती घराण्याचे प्रार्थनागृह आहे, गिरलांदायोच्या भित्तिचित्रांनी सजलेले. बहुतेक गट ते पाहून पुढे जातात. आपण थोडे थांबावे, कारण याच घराण्यातील फिलिप्पो सास्सेत्ती हा व्यापारी १५८३ मध्ये भारताकडे निघाला, कोचीन आणि गोव्यात राहिला आणि १५८८ मध्ये गोव्यातच वारला. मायदेशी धाडलेल्या पत्रांत त्याने संस्कृत आणि इटालियन शब्दांतील साम्य नोंदवले आहे : देव आणि दीओ, सर्प आणि सेर्पे, सप्त आणि सेत्ते, अष्ट आणि ओत्तो, नव आणि नोवे. विल्यम जोन्सने कोलकात्यात भाषाकुलांविषयीचे आपले प्रसिद्ध भाषण केले १७८६ मध्ये. त्याच्या दोनशे वर्षे आधी हे निरीक्षण मसाल्याच्या व्यापारासाठी आलेल्या एका फ्लोरेन्सवासीयाने या किनाऱ्यावर बसून केले होते.

काही व्यवहारी गोष्टी राहिल्या. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. उन्हाळ्यात एखादी ओढणी जवळ ठेवावी. अनेक लहान चर्च दुपारी बंद होतात, म्हणून फेरी सकाळी साडेआठ-नऊला सुरू करणे इष्ट. जुलै-ऑगस्टमध्ये दगडी चौक तव्यासारखे तापतात. त्या दिवसांत तर आग्रहच धरावा. सिन्योरिया चौकात नेपच्यूनच्या कारंज्याजवळ पिण्याच्या पाण्याचा सार्वजनिक नळ आहे, तेथे बाटली भरून घ्यावी. शाकाहारी मंडळींची फार आबाळ होत नाही : शिळ्या पावाचे आणि टोमॅटोचे ‘पाप्पा आल पोमोदोरो’, पालेभाज्या-घेवड्याचे ‘रिबोल्लिता’ हे येथील घरगुती पदार्थ, मात्र रश्शात मांसाचा अर्क आहे काय, हे विचारून घ्यावे. येथील पावात मीठ नसते. ते विसरलेले नाही, ती येथील जुनी रीत आहे.

मार्गदर्शकांचे ध्वनिवर्धक ऐतिहासिक भागात वापरू नयेत, असा निर्णय फ्लोरेन्सच्या नगरपालिकेने २०२४ मध्ये घेतला. व्हेनिसने त्याच वर्षी गटाची मर्यादा २५ वर आणली. पर्यटकांच्या लोंढ्याने मूळ रहिवासी शहराबाहेर फेकले जात आहेत, ही तेथील तक्रार आपल्या किनारी भागातील माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही. चार-सहा माणसांचा, गल्लीच्या कडेने हळू बोलत जाणारा गट तेथील लोकांना त्यामानाने सुसह्य वाटतो.

शेवटचे ठिकाण कोणत्याही ठरावीक फेरीत नसते. शहराच्या पश्चिमेला आर्नोच्या काठाने सुमारे साडेतीन किलोमीटर लांबीचे काशिने उद्यान आहे. त्याच्या अगदी टोकाला, मुन्योने ही लहान नदी आर्नोला मिळते तेथे, नक्षीदार छत्रीखाली एका तरुण भारतीय राजाचा फेटा बांधलेला रंगीत अर्धपुतळा आहे. हे कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज, दुसरे. १८७० मध्ये ते इंग्लंडला गेले, राणी व्हिक्टोरियाला भेटले आणि परतीच्या वाटेवर फ्लोरेन्स येथे ३० नोव्हेंबर १८७० रोजी निवर्तले. वय अवघे वीस-एकवीस. दहनाची पद्धत तेथे नव्हती. नगरपालिकेची विशेष परवानगी काढून दोन नद्यांच्या संगमावर हिंदू रीतीने त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. फ्लोरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होते. १८७४ मध्ये स्मारक उभे राहिले : पुतळा चार्ल्स फ्रान्सिस फुलर यांचा, छत्री मेजर चार्ल्स मँट यांच्या आराखड्याची. कोल्हापूरचा नवा राजवाडा ज्यांच्या नावे ओळखला जातो तेच हे मँट. महाराजांच्या युरोपप्रवासाची इंग्रजी रोजनिशी १८७२ मध्ये प्रसिद्ध झाली.

फ्लोरेन्सचे लोक या जागेला ‘इंदियानो’ म्हणतात. १९७० च्या दशकात जवळच बांधलेल्या झुलत्या केबलच्या पुलालाही ‘पोन्ते आल्’इंदियानो’ हेच नाव पडले. रोज त्यावरून हजारो गाड्या जातात. हा भारतीय कोण, हे चालकांपैकी किती जणांना ठाऊक असेल, सांगता येत नाही. मार्गदर्शकाला येथवर यायचे असेल तर वेळ वाढवून घ्यावा लागतो, कारण जाऊन-येऊन दोन तास सहज मोडतात. उद्यानाच्या शहराकडच्या टोकापर्यंत ट्राम आहे. तेथून पुढे झाडांच्या सावलीतून चालत किंवा भाड्याच्या सायकलीने जावे. सोबत पाणी असावे आणि अंधार पडण्यापूर्वी परतावे.